कोरड्या नाल्यातून धबधब्याकडे
बुलढाणा जिल्ह्यातील सातपुड्याच्या आडवाटा

बुलढाणा जिल्हा म्हटला की लोणारचे सरोवर, शेगावचे श्री गजानन महाराजांचे समाधिस्थान आणि सिंदखेड राजा येथील जिजाऊंचे जन्मस्थान ही स्थळे प्रथम डोळ्यांपुढे येतात. धबधबा सहसा कोणाच्या मनात येत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर काही ठिकाणी वर्षाकाठी पाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो; बुलढाणा जिल्ह्याच्या वाट्याला साधारणतः सातशे ते आठशे मिलिमीटर येतो. तथापि एवढ्या पावसातही येथील डोंगरांत धबधबे आहेत. ते रस्त्यावरून दिसत नाहीत, त्यांच्याजवळ उपाहारगृह नाही, आणि त्यांपैकी बहुतेकांना नकाशावर नावही नाही. त्यांच्यापर्यंत जावयाचे तर पायवाट संपल्यानंतरही चालत राहावे लागते.

जिल्ह्याचे लोकांच्या बोलण्यातले दोन भाग प्रसिद्धच आहेत : 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा'. घाटावर म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठार. बुलढाणा, चिखली, मेहकर ही गावे या पठारावर वसली आहेत. घाटाखाली म्हणजे पूर्णा नदीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे तेथली. पूर्णा ओलांडून उत्तरेकडे गेले की जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे दोन तालुके लागतात आणि त्यांच्या डोक्यावर सातपुडा भिंतीसारखा उभा राहतो. या भिंतीपलीकडे मध्य प्रदेश आहे. अजिंठ्याच्या रांगेतही ओढ्यांच्या धारा आहेत. लोणारच्या विवराच्या काठालगत गोमुखातून पडणारी बारमाही धार तर यात्रेकरूंच्या नित्य परिचयाची आहे. परंतु खऱ्या अर्थाने आडवाटेचे धबधबे पाहावयाचे असतील तर सातपुड्याच्या दऱ्यांतच गेले पाहिजे.

खडकाचे थर आणि पाण्याची उडी

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. हे सर्व थर सारखे नाहीत. काही घट्ट, एकसंध आणि उभ्या चिरा पडलेले असतात. काही सच्छिद्र, ठिसूळ आणि लवकर झिजणारे असतात. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या भाजल्या मातीची पट्टीही आढळते. ओढ्याचे पाणी वरच्या घट्ट थरावरून वाहत येते आणि खालचा मऊ थर पोखरू लागते. आधार गेला की वरच्या थराचे चिरे उभ्या भेगांवरून सुटून कोसळतात आणि कडा पुन्हा सरळ उभा राहतो. धबधबा अशा रीतीने हळूहळू मागे, डोंगराच्या पोटात सरकत असतो. त्याच्या पायथ्याशी पडलेले गाडीएवढे धोंडे हे पूर्वीच्या कड्याचेच अवशेष होत. खडकात अडकलेले गोटे पाण्याच्या भोवऱ्याने गरगर फिरून जे खळगे कोरतात त्यांना रांजणखळगे म्हणतात. पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर कुकडीच्या पात्रातील निघोजचे रांजणखळगे सुप्रसिद्ध आहेत. तशाच जातीचे लहान खळगे सातपुड्यातील अनेक नाल्यांत पाय ठेवताना सांभाळावे लागतात.

सातपुड्याची दक्षिण बाजू एवढी उभी का, याचे उत्तर त्याच्या पायथ्याशी गाडलेले आहे. गाविलगड भ्रंश या नावाने ओळखली जाणारी जमिनीतील मोठी भेग या डोंगराच्या पायथ्याने जाते. तिच्या उत्तरेचा भाग उंच राहिला, दक्षिणेचा खचला, आणि खचलेल्या भागात पूर्णेने काही ठिकाणी शेकडो मीटर जाडीचा गाळ आणून भरला. म्हणून येथे डोंगर आणि मैदान यांच्यामध्ये टेकड्यांची लांबलचक पायरी नाही. शेताचा बांध संपतो आणि चढ सुरू होतो.

पाणी वर भेटते

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पायथ्याच्या एखाद्या नाल्यात उतरून उत्तरेकडे चालू लागणाऱ्याला पहिला अनुभव निराशेचा येतो. रुंद पात्र, पांढुरके गोटे, वाळू, आणि पाण्याचा थेंब नाही. महिन्यापूर्वीच जेथे पूर लोटला होता तेथे बैलगाडीच्या चाकोऱ्या दिसतात. धबधबा असलाच तर तो आटला, असे समजून अनेकजण येथूनच परततात.

वस्तुतः हा कोरडेपणा फसवा आहे. डोंगरातून वेगाने येणारा प्रवाह पायथ्याशी एकदम मंदावतो आणि आपल्याबरोबर आणलेले धोंडे, गोटे व भरड वाळू तेथे टाकून देतो. हजारो वर्षांच्या या भरीतून डोंगराच्या पायथ्याशी एक पट्टा तयार झाला आहे. भूजलशास्त्रात त्याला बझाडा म्हणतात. हा पट्टा चाळणीसारखा आहे. वरून आलेले पाणी त्यात शिरते आणि दिसेनासे होते. त्यामुळे नाल्यातून वर जाणाऱ्याला सर्वसाधारण नदीच्या उलटा अनुभव येतो. आधी कोरडी वाळू, मग ओलसर वाळू, मग गोट्यांच्या कडेला एखादे डबके, पुढे पायाखालचा अखंड खडक सुरू झाला की झुळझुळणारी धार, आणि शेवटी दोन्ही बाजूंचे कडे जवळ येऊन वळणापलीकडून पाण्याचा आवाज. पायाखाली अखंड खडक लागणे ही वाटाड्यांची खूण आहे. तो लागला की पाणी दूर नाही असे समजावे.

बझाड्यात मुरलेल्या या पाण्याचे पुढे काय होते, हा प्रश्न सहलीपुरता मर्यादित नाही. पायथ्यालगतच्या संत्री व केळीच्या बागांच्या विहिरी त्याच पाण्यावर जगतात. तेथून दक्षिणेस पूर्णाकाठी उतरावे तसे भूजल खारे होत जाते. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव व नांदुरा तालुक्यांतील अनेक गावे खारपाणपट्ट्यात येतात. त्या गावांतील पिढ्यान् पिढ्यांनी मचूळ पाणी पिऊन दिवस काढले, आणि तेथील मूत्रपिंडाच्या विकारांचा प्रश्न वारंवार पुढे आला. वाण नदीवरील हनुमान सागर धरणातून नळाने पाणी आले तेव्हा त्यांपैकी बऱ्याच गावांची सोय झाली. ते पाणीही सातपुड्याचेच. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन राज्यांनी तापी खोरे महापुनर्भरण प्रकल्पाचा करार केला. पावसाळ्यातील वाहून जाणारे पाणी बझाड्यात मुरविणे ही त्यामागील मूळ कल्पना आहे. धबधब्याच्या कुंडात साबण लावून अंघोळ करणारा, काठी बाटल्या व थर्माकोलची पात्रे टाकणारा पर्यटक कोणाच्या पिण्याच्या पाण्यात ती टाकत असतो, हे यावरून ध्यानात यावे.

कोठे जाता येते, कोठे नाही

आडवाटेने जाणे म्हणजे वाटेल तेथे जाणे नव्हे. संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र १२७.११ चौरस किलोमीटर आहे. हे अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात समाविष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ अन्वये अभयारण्यात परवान्यावाचून प्रवेश करता येत नाही. परवाना मिळाला तरी ठरलेल्या रस्त्याने, ठरलेल्या वाहनातून व मार्गदर्शकाबरोबरच फिरावे लागते. वाहनातून उतरून एखाद्या नाल्यात शिरण्याची मुभा त्यात नाही. बुलढाणा-खामगाव मार्गावरील ज्ञानगंगा अभयारण्यालाही हेच कलम लागू आहे. राखीव वनांत भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार विनापरवानगी प्रवेश हा अपराध ठरतो. तेव्हा अभयारण्याच्या हद्दीबाहेरील वनातील एखादी दरी निवडून, संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयातून आधी परवानगी घेऊनच पाऊल उचलावे. परवानगी मागण्याचा आणखी एक लाभ असतो. किती माणसे कोणत्या नाल्याने गेली आणि केव्हा परतणार याची नोंद कोठेतरी राहते.

हे निर्बंध जाचक वाटणाऱ्यांनी एका वाघाची हकीकत आठवावी. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये निघालेला, गळ्यात रेडिओ पट्टा असलेला एक तरुण नर वाघ महाराष्ट्र व तेलंगणातील अनेक जिल्हे ओलांडून त्याच वर्षीच्या डिसेंबरात ज्ञानगंगेत पोहोचला. शेते, महामार्ग, वस्त्या यांच्यामधून त्याने एक हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास केला. अशा प्रवासात वन्य प्राण्यांना आसरा मिळतो तो मुख्यतः झुडपांनी भरलेल्या नाल्या-ओढ्यांचा. माणसाला जी आडवाट वाटते ती प्राण्यांची रुळलेली वाट असते.

आडवाटेची रीत

आडवाटेने डोंगर चढण्याची जी रीत आहे, तिची माहिती पुस्तकांपेक्षा भिंगारा, चाळीसटापरी यांसारख्या वस्त्यांतील आदिवासी बांधवांना अधिक. गुरे चारण्यासाठी, मोहफुले व तेंदूपाने वेचण्यासाठी त्यांचे पाय या दऱ्यांतून नित्य फिरतात. तेथील जाणत्या माणसाला योग्य मोबदला देऊन बरोबर घ्यावे. त्याच्या 'इथूनच' या शब्दाचा अर्थ तीन तासांची चाल असा असू शकतो, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

नकाशाचाही उपयोग आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे पन्नास हजारास एक या प्रमाणाचे नकाशे आता नागरिकांना सहज मिळतात. त्यांवर समान उंचीच्या तांबूस रेषा काढलेल्या असतात. नाल्याची निळी रेघ ओलांडताना या रेषा जेथे एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या दिसतात, तेथे पाण्याला मोठी उडी असणार असा तर्क करावा. भ्रमणध्वनीवरील दिशादर्शक उघड्या सोंडेवर चांगला चालतो. दोन कड्यांच्या घळीत त्याच्यावर भरवसा ठेवू नये. संपर्काची खात्री तर बहुधा गावाची शेवटची झोपडी मागे पडली की संपते.

नाला धरून वर जाण्यात एक मोठी सोय आहे आणि एक अडचण. वर जाताना प्रत्येक संगमावर नाला दुभंगतो आणि कोणती शाखा धरावयाची हे ठरवावे लागते. म्हणून प्रत्येक संगमावर थांबून मागे वळून पाहावे, दगडावर दगड रचून खूण करावी आणि परतताना ती मोडावी. उतरताना मात्र सर्व शाखा एकत्र येत जातात. त्यामुळे ज्या नाल्याने वर आलो त्याच नाल्याने परतणारा चुकत नाही. चुकतो तो कोण ? जो उत्साहाच्या भरात कडा वळसा घालून डोंगरमाथ्यावर जातो आणि संध्याकाळी 'कोणताही नाला धरला की खाली पोहोचू' अशा समजुतीने अनोळखी नाल्यात उतरतो. खालून येणाऱ्याला धबधबा पायथ्यापासून भेटतो आणि तो सुरक्षित अंतरावर थांबतो. वरून येणाऱ्याला तोच धबधबा ओठावर भेटतो, आणि तेथला खडक शेवाळाने निसरडा असतो. पाणी उडी मारते, माणसाला ती मारता येत नाही. मागचा चढ न चढवण्यासारखा, पुढे कडा, आणि मावळता दिवस, अशी कोंडी डोंगरात वाट चुकलेल्यांच्या अनेक अपघातांच्या मुळाशी असते. माहीत नसलेल्या डोंगरावरून उतरावयाचे झालेच तर सोंडेने उतरावे, नाला टाळावा.

धोंड्यांतून चालण्याचा वेग रस्त्यावरच्या वेगाने मोजू नये. तासाला एक किलोमीटर झाला तरी पुरेसा समजावा. दरीत सूर्य चारच्या सुमारास कड्याआड जातो. तेव्हा दुपारी बाराची वेळ ठरवून घ्यावी, आणि धबधबा दिसो वा न दिसो, त्या वेळी मागे फिरावे. अगदी आवाज कानी येत असतानाही मागे फिरणे कित्येकांना जमत नाही, हे खरे. पण नियम त्यांच्यासाठीच आहे.

पाण्याचा लोंढा

सर्वांत मोठा धोका पुराचा. या नाल्यांचे पाणलोट लहान, उभे आणि खडकाळ असतात. माथ्यावर तासभर जोराचा पाऊस झाला की पाणी मुरण्यास अवसर मिळत नाही आणि तो सगळा लोंढा अरुंद घळीतून खाली येतो. घळीत उभ्या असलेल्याच्या डोक्यावर त्या वेळी स्वच्छ ऊन असू शकते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळील भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण लोंढ्यात वाहून गेले. तेथे जवळच शेकडो माणसे होती. सातपुड्याच्या निर्जन दरीत मदतीची हाक ऐकण्यासही कोणी नसते.

लोंढा येण्यापूर्वी पाणी काही सूचना देते. निवळ पाणी गढूळ होऊ लागते. पाला, काटक्या, फेस वाहत येतो. वाऱ्याचा भास व्हावा असा घुमणारा आवाज वरच्या अंगाने येतो. काठावरील एखाद्या दगडाची पाण्याशी भिडलेली कडा मनात धरून ठेवावी आणि मधूनमधून तिकडे पाहावे. ती बुडाली तर सामान आवरण्यात वेळ न घालवता काठाच्या उंच अंगावर चढावे. पाणी ओलांडून साथीदारांकडे जाण्याचा मोह टाळावा, कारण गुडघ्याच्या वर चढलेल्या वेगवान पाण्यात माणूस ठरत नाही. लहान पाणलोटाचा पूर जसा झपाट्याने चढतो तसा काही तासांत उतरतोही. दोन्ही काठांवर विभागलेली मंडळी भुकेली राहतील, पण परततील. जून ते सप्टेंबर या काळात घळीत शिरूच नये. ऑक्टोबरात परतीचा पाऊस संपल्यावर निघावे. धार थोडी बारीक झालेली असते, एवढेच.

कुंडाचेही तसेच. वरून शांत दिसणाऱ्या डोहात खोली एकदम वाढते, आणि तळाच्या धोंड्यांमध्ये पाय अडकतो. बुलढाणा व अकोला जिल्ह्यांच्या सीमेवर वाण नदीकाठी वारी येथे हनुमानाचे जागृत देवस्थान आहे. दर्शनासाठी आलेली व डोहात उतरलेली माणसे तेथे बुडाल्याच्या घटना अनेकदा घडल्या आहेत. पोहता येणारेही त्यांत होते.

अस्वल, मोहोळ आणि गवत

या पट्ट्यातील डोंगरांत वाघापेक्षा अस्वलाची भेट अधिक संभवते. अस्वलाला वास चांगला येतो, पण दिसते व ऐकू येते ते बेताचे. उताऱ्यावर किंवा कपारीच्या तोंडाशी ते अवचित समोर आले की घाबरून थेट अंगावर धावते. दाट झाडीतून जाताना सहलीच्या मंडळींनी मोठ्याने बोलत राहावे. एरवी दोष असलेली ही सवय येथे गुण ठरते. कपारीत डोकावू नये. धबधब्याच्या कड्यावर आग्या मोहोळाची पोळी लोंबत असतील तर त्यांच्याखाली थांबू नये, चूल पेटवू नये, अत्तर लावून येऊ नये.

गवताचा धोका कमी लोकांना ठाऊक असतो. पावसाळ्यानंतरच्या उंच गवतातील सूक्ष्म किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. २०१८ मध्ये विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. चाव्याच्या जागी विडीने डागल्यासारखी काळी खपली दिसते. लांब बाह्या व पायमोजे घालावेत, गवतात उघड्या अंगाने लोळू नये. सहलीनंतर दोन आठवड्यांत ताप आल्यास रानात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळीच ओळखल्यास हा रोग साध्या औषधांनी बरा होतो.

अपघात झाल्यास ११२ या क्रमांकावर पोलीस मदत, १०८ वर रुग्णवाहिका आणि १९२६ वर वन विभागाशी संपर्क साधता येतो. मात्र दूरध्वनी लागण्याइतक्या उंचीवर किंवा गावापर्यंत कोणीतरी चालत जावे लागते. म्हणून गटात चारांपेक्षा कमी माणसे नसावीत : एक जखमी, एक त्याच्याजवळ थांबणारा आणि दोघे निरोप घेऊन जाणारे.

डिसेंबरनंतर बहुतेक धारा तुटतात. कड्यावर ओलाव्याचा काळा पट्टा उरतो, कुंडातले पाणी रोज बोटभर खाली जाते आणि काठच्या चिखलात सांबर, रानडुक्कर व मोरांच्या पावलांची दाटी होते. मार्चमध्ये मोहफुले वेचण्यास आलेल्या बाया कुंडाखालच्या वाळूत हातभर खोल झिरा उकरतात. पहिले गढूळ पाणी फेकून देतात, थोडा वेळ थांबतात, आणि मग निवळ पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतात.